रात्री साडेअकराला पुसलं गेलेलं नाव

इंटरनेटवरची ‘डॉट कॉम’ने संपणारी सगळी नावं एकाच नोंदवहीत असतात. ती वही व्हेरीसाइन नावाची कंपनी सांभाळते. तिचं मुख्यालय अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रेस्टन इथे आहे. मुदत संपलेली आणि कुणीच सोडवून न घेतलेली नावं तिथल्या दुपारी दोनच्या सुमारास या वहीतून पुसली जायला लागतात. ऑक्टोबरात त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

गोव्यात केरीपासून मोरजीपर्यंत, पेडण्याच्या किनारपट्टीवर, घरामागे चार-सहा खोल्या बांधून पाहुणे ठेवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्यातलं एक घर मी इथे घेतलं आहे. ते कुणा एकाचं नाही. अनेक घरांत दिसणाऱ्या सवयी एकत्र करून ते उभं केलं आहे, म्हणून त्याला नाव दिलेलं नाही. मुदती, नियम आणि वेळा मात्र खऱ्या आहेत, आणि मध्ये येणारी बाकीची प्रकरणं जगात घडून गेलेली आहेत. कॅलेंडर २०२५ चं आहे.

१,८०० तास आधी । १ ऑगस्ट, शुक्रवार

याच किनारपट्टीवरच्या मांद्र्यात पाऊस कोसळतो आहे. सहा खोल्यांच्या गाद्या एका खोलीत रचलेल्या, खिडक्यांना निळं प्लास्टिक. पावसाळ्यात इथे पाहुणे नसतात, त्यामुळे गेस्ट हाउसच्या वेबसाइटकडे कुणी बघतही नाही. त्या वेबसाइटच्या नावाची मुदत आज संपली.

हे नाव घेतलं होतं डिचोलीच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून, सुनेच्या माहेरच्या ओळखीने. दुकानदार मुलगा हुशार आणि सरळ. ट्रकमालकांची बिलं, झेरॉक्स, पासपोर्टचे फॉर्म आणि अधूनमधून एखादी वेबसाइट, असं त्याचं काम चाले. नाव घेताना त्याने रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, स्वतःचं खातं वापरलं आणि स्वतःच्या दुकानाचा मेल दिला. गिऱ्हाइकाला कशाला त्रास, हा त्यामागचा चांगला हेतू.

डिचोलीचा बाजार खाणींवर चालत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं. पुढे थोडी धुगधुगी आली, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून ट्रक उभे राहिले. ट्रकांबरोबर त्यांची बिलं गेली, बिलांबरोबर दुकान गेलं. नोकरीसाठी बाहेर पडण्याआधी त्या मुलाने एक चांगुलपणा केला: गेस्ट हाउसचं नाव एकदम सात वर्षांसाठी भरून ठेवलं. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत भरता येतं. सात वर्षांत दरवर्षीचं बिल आलं नाही आणि दरवर्षीची आठवणही झाली नाही.

नियम अडाणी नाहीत. जगातल्या नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था रजिस्ट्रारांना सांगते की मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना द्या, आठवडाभर आधी दुसरी द्या आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी द्या. तिन्ही सूचना निघाल्या. त्या दुकानाच्या मेलवर गेल्या, आणि तो गूगलवरचा मेल आता अस्तित्वातच नव्हता. दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून पुसायला घेतली आहेत.

मुदत संपणं म्हणजे नाव जाणं नव्हे. आज नेहमीच्याच दरात ते चालू होऊ शकतं, आणि पैसे कुणी भरले यावर बहुतेक ठिकाणी फारसं अडत नाही. १९९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी हॉटमेल वापरणाऱ्या असंख्य लोकांना आपली पत्रं उघडता येईनात. मायक्रोसॉफ्ट ज्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावातून लोकांची ओळख पडताळत होती, त्याचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले होते. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या मायकेल चेनी या प्रोग्रॅमरने हे शोधून काढलं आणि आपल्या कार्डावरून ते ३५ डॉलर भरून टाकले. दुसऱ्या दिवशी हॉटमेल चालू झालं. मायक्रोसॉफ्टने त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी जिथे चुकली, तिथे मांद्र्यातलं एक कुटुंब चुकलं याचं नवल वाटायला नको. फरक इतकाच की मायक्रोसॉफ्टचं नाव बंद पडल्याचं जगाला त्याच दिवशी कळलं, कारण ते वापरात होतं.

१,१७६ तास आधी । २७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीची चवथ. माटोळी बांधून झाली आहे, घर माणसांनी भरलं आहे. पुण्याहून आलेला पुतण्या सहज मोबाइलवर घराची वेबसाइट उघडायला जातो, तर भलतंच पान येतं, कसल्याशा जाहिरातींच्या ओळींचं. “नेट बरोबर नाही इथं,” तो म्हणतो. पावसात नेट जातंच, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही दिसत नाही.

या दिवसांत बरेच रजिस्ट्रार मुदत उलटलेली नावं लिलावाला लावतात. या नावावर तिथे बोली लागली नाही.

८४० तास आधी । १० सप्टेंबर, बुधवार

रजिस्ट्रारने चाळीस दिवस वाट पाहिली. जास्तीत जास्त ४५ दिवस थांबता येतं, पुढे रजिस्ट्री, म्हणजे व्हेरीसाइन, त्याच्याकडून वर्षाचे पैसे वसूल करते. आज त्याने नाव काढून टाकण्याची आज्ञा पाठवली.

इथून तीस दिवसांचा टप्पा सुरू होतो. याला रिडेम्प्शन म्हणतात. नाव अजून दुसऱ्या कुणाला मिळत नाही, आणि ज्याचं होतं त्याला परत घेता येतं, पण जबर दंड भरून. एका वर्षासाठी डॉट कॉम नावाचा घाऊक दर २०२५ मध्ये १०.२६ डॉलर होता. तेच नाव या टप्प्यातून सोडवायचं तर फक्त व्हेरीसाइनचा आकार ४० डॉलर, त्यावर रजिस्ट्रार आपला आकार लावतो, वर वर्षाची फी वेगळी. आपल्या पैशांत काही हजारांचा हा प्रश्न आहे. एका खोलीच्या दोन-तीन रात्रींच्या भाड्यात सुटला असता.

या महिन्यात वेबसाइट पूर्ण बंद होती, आणि त्या नावावरचा मेलही. जुने पाहुणे ऑक्टोबरच्या तारखा विचारत होते. त्यांची पत्रं परत जात होती.

१२० तास आधी । १० ऑक्टोबर, शुक्रवार

माझ्या मते संकट आज घडलं. १५ तारखेला फक्त त्याची अंमलबजावणी होते.

तीस दिवस संपले आणि नावापुढे नवा शेरा लागला: पेंडिंग डिलीट. हे पाच दिवस असे आहेत की कुणीच काही करू शकत नाही. जुना मालक दुप्पट-चौपट पैसे घेऊन उभा राहिला तरी रजिस्ट्रारच्या हातात काही उरलेलं नसतं. परत घेण्याची, बदलण्याची, दुसरीकडे नेण्याची, कुठलीच आज्ञा रजिस्ट्री आता स्वीकारत नाही. मुदतवाढ, माफीचा अर्ज, साहेबांना भेटणं, यांतलं काहीच इथे नाही. ज्या देशात दंड भरून शेवटच्या दिवसानंतरही काम होतं, तिथल्या माणसाला ही गोष्ट पटत नाही, आणि कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कुटुंबाला काहीच कळत नसताना त्यांचं नाव इतरांना मात्र दिसायला लागलं. येत्या पाच दिवसांत कोणती नावं सुटणार यांच्या याद्या रोज तयार होतात आणि त्या विकत किंवा फुकटात मिळतात. नावं पकडणं हा स्वतंत्र धंदा आहे. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स, नेमजेट ही त्यातली ठळक नावं. साठ ते ऐंशी डॉलरच्या घरात रक्कम सांगून तुम्ही आधीच नंबर लावायचा, आणि नाव मिळालं तरच पैसे द्यायचे. नाव सुटताक्षणी रजिस्ट्रीकडे जास्तीत जास्त मागण्या धाडता याव्यात म्हणून या कंपन्या शेकड्यांनी रजिस्ट्रार परवाने बाळगतात. ड्रॉपकॅचने २०१६ मध्ये एका झटक्यात ५०० परवाने घेतले, ते याचसाठी.

मांद्र्यातल्या सहा खोल्यांच्या नावात त्यांना काय दिसतं? त्या नावाकडे दहा-बारा वर्षांत जमलेले दुवे. प्रवासाच्या वेबसाइटांवर, परदेशी पाहुण्यांच्या अनुभवकथनांत, योगशिबिरांच्या जुन्या पानांवर तो पत्ता छापलेला आहे. सर्च इंजिनं अशा नावावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासावर जुगाराची जाहिरात लावली की ती नव्या नावापेक्षा लवकर वर येते. वडिलांनी आणि सुनेने पाहुण्यांना चहा देऊन, विमानतळावरून आणून, आजारपणात डॉक्टरकडे नेऊन जे कमावलं, त्याचा भाव आता एका यादीतल्या ओळीत लागला होता.

१४ तास आधी । १५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी साडेनऊ

अंगणात रंगाचे डबे उघडे आहेत. हंगाम सुरू झाला आहे, मोरजीत रशियन पाट्या पुन्हा लागल्या आहेत. दरवर्षी येणाऱ्या एका जर्मन बाईंचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: तीन मेल पाठवले, तिन्ही परत आले, गेस्ट हाउस चालू आहे ना? सुनेने वेबसाइट उघडून पाहिली. मग शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहिली. मग तिने डिचोलीला माहेरी फोन लावला.

१३ तास आधी । सकाळी साडेदहा

दुकान सात वर्षांपूर्वी बंद झालेलं. मुलाचा नंबर मिळवायला चार घरी फोन करावे लागले.

वेबवर डिचोलीच्या नावाचं काय होतं हे डिचोलीत कुणी बघत नाही, याचं एक मोठं उदाहरण आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोलीचा संघर्ष’ असा लांबलचक लेख आला: १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेलं युद्ध. त्या वर्षी शिवाजी महाराज दहा-अकरा वर्षांचे होते आणि मराठा साम्राज्य म्हणावं असं काही नव्हतं. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सगळं युद्धच बनावट होतं. तरी त्या लेखाला दोन महिन्यांत ‘चांगला लेख’ असा दर्जा मिळाला, आणि डिसेंबर २०१२ अखेरीस तो काढला जाईपर्यंत पाच वर्षं तो तसाच उभा राहिला. आपल्या गावाची, आपल्या घराची नावं दूरच्या नोंदींत असतात, आणि त्या नोंदी तपासणं हे आपलं काम आहे असं आपल्याला वाटतच नाही.

१२ तास आधी । सकाळी साडेअकरा

मुलगा दुबईत आहे. फोनवर त्याने आयकॅनचं लुकअप पान उघडायला सांगितलं. सुनेने नाव टाकलं. पहिल्या नोंदीची तारीख, मुदतीची तारीख, रजिस्ट्रारचं नाव आणि खाली तो शेरा: पेंडिंग डिलीट. फोनच्या त्या टोकाला बराच वेळ कुणी बोललं नाही.

जमिनीच्या बाबतीत हे घर कधी झोपलेलं नाही. एक-चौदाचा उतारा दरवर्षी काढला जातो, म्युटेशन झालं का हे बघायला वडील स्वतः पेडण्याच्या मामलेदार कचेरीत जातात, कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. ज्या नावावर निम्मे पाहुणे येतात त्याच्या मालकाच्या रकान्यात डिचोलीचं बंद दुकान होतं, आणि हा उतारा काढायला एक पैसाही पडत नाही.

१० तास आधी । दुपारी दीड

रजिस्ट्रारच्या मदतकेंद्रावरची मुलगी शांतपणे सांगते: “मॅडम, खातं तुमच्या नावावर नाही, त्यामुळे मला तपशील देता येणार नाही. आणि देता आला असता तरी या शेऱ्यावर काही करता येत नाही.” दोन्ही वाक्यं अचूक आहेत.

८ तास आधी । दुपारी साडेतीन

म्हापशाला ओळखीच्या वकिलांकडे. त्यांनी कायद्याची बाजू प्रामाणिकपणे सांगितली. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. ‘रेडिफ’सारखं ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रोखलं, आणि सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे तत्त्व पक्कं केलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार करता येते, एका पंचासाठी फी १,५०० डॉलर. पण तिथे सिद्ध करावं लागतं की नाव तुमचं चिन्ह आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. या घराचं नाव म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक साधा इंग्रजी शब्द. चिन्ह नोंदवलेलं नाही. गावाच्या नावावर कुणा एकाचा हक्क सांगणं अवघड.

पुण्याच्या पुतण्याने तेवढ्यात फोनवरून एका कंपनीकडे नंबर लावला. आणखी किती जणांनी दुसरीकडे लावले असतील हे कळायला मार्ग नाही.

६ तास आधी । संध्याकाळी साडेपाच

परतीच्या पावसाची सर. वीज गेली.

५ तास आधी । संध्याकाळी साडेसहा

उरलेल्या वेळात करण्यासारखं एकच काम होतं, आणि ते सुचलं दुबईतल्या मुलाला. तो म्हणाला, “वहिनी, नाव गेलं समजा. आता त्या नावावरचा मेल कुठं कुठं दिलाय ते बघा.”

सुनेने पाहुण्यांच्या नोंदीची लांब वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर यादी लिहायला घेतली. बुकिंगची दोन पोर्टलं. गूगल मॅपवरची घराची नोंद. बँकेचे संदेश. जीएसटीचा पत्ता. पर्यटन खात्याकडची नोंदणी. आणि सी-फॉर्म: परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि मुक्काम विदेशी नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावा लागतो. त्या खात्यालाही तोच मेल. म्हणजे घरात राहून गेलेल्या परदेशी माणसांची माहिती ज्या खात्यात आहे, त्याचा पासवर्ड बदलायचा दुवा साडेअकरानंतर दुसऱ्याच कुणाच्या मेलवर जाऊ शकतो.

हा धोका मी फुगवून सांगत नाही. नाव ज्याचं, त्या नावावर येणारं प्रत्येक पत्र त्याचं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गाबोर सॅथमारी या सुरक्षा अभ्यासकाने वकिलांच्या फर्मनी सोडून दिलेली नावं विकत घेऊन पाहिली, तर पक्षकारांची गोपनीय पत्रं त्याच्याकडे येऊ लागली. २०२४ मध्ये वॉचटॉवर या कंपनीच्या संशोधकांनी ‘डॉट मोबी’ नावांची माहिती देणाऱ्या जुन्या सर्व्हरचं सुटलेलं नाव २० डॉलरला घेतलं. थोड्याच दिवसांत १,३५,००० हून अधिक यंत्रांनी त्यांच्याकडे विचारणा केली, आणि त्यांत सरकारी यंत्रणाही होत्या. कुणी काही फोडलं नव्हतं, कुणी पासवर्ड चोरला नव्हता. रीतसर पैसे भरून मोकळं नाव घेतलं होतं.

जी खाती मोबाइलवर उघडीच होती तिथे मेल बदलता आला. ज्यांनी खात्री करण्यासाठी जुन्याच मेलवर आकडा पाठवला ती अडली. रात्री नऊपर्यंत यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळींवर काट मारून झाली. सी-फॉर्मचं खातं राहिलं; दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडल्यावर जायचं ठरलं.

१ तास आधी । रात्री साडेदहा

वाड्यावरची मुलं मंडपात नरकासुर बांधताहेत. चार दिवसांनी तो जाळायचा आहे. घरात वडील विचारतात, “पैसे भरतो म्हटल्यावर घेत कसे नाहीत?” या प्रश्नाचं उत्तर सुनेने त्यांना दिवसभरात चौथ्यांदा दिलं.

शून्य । रात्री साडेअकरा

रेस्टनच्या वहीतून नावं पुसायला सुरुवात झाली. साधारण तासभर हे चालतं, आणि त्यात कुठल्या नावाची पाळी कोणत्या सेकंदाला येईल हे बाहेरच्याला आधी कळत नाही. म्हणून पकडणाऱ्या कंपन्यांची यंत्रं तो सगळा तास एकसारखी विचारत राहतात. पुसणं आणि नव्याने नोंदणं यांच्यामधलं अंतर सेकंदाच्या बारीक भागात मोजावं लागतं. माणसाने की-बोर्डवर नाव टाइप करून ‘उपलब्ध आहे का’ विचारेपर्यंत ते दोनदा हात बदलू शकतं.

पलीकडे कुणी माणूस नसतो. मुंबई उच्च न्यायालयात १२ जून २०२० रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हिंदुस्थान युनिलिव्हर विरुद्ध एन्ड्युरन्स डोमेन्स या प्रकरणात ही गोष्ट स्पष्ट मांडली. कंपनीच्या नावासारखी नावं घेऊन लोकांना फसवलं जात होतं. अशी नावं कायमची अडवा, अशी मागणी होती. नोंदणी यंत्र आपोआप करतं, अर्ज वाचून होय-नाही म्हणणारं माथं तिथे नसतं, त्यामुळे रजिस्ट्रारला नाव स्थगित ठेवता येईल पण कायमचं अडवून धरता येणार नाही, असं त्यांनी नोंदवलं. ते वाचताना मला पेडण्याचं हे घर आठवतं. वडील ज्या साहेबाला भेटायला निघाले होते, तो साहेब कुठेच बसलेला नव्हता.

मोठ्यांसाठी मात्र वाट निघते. २९ सप्टेंबर २०१५ रोजी कच्छमधल्या मांडवीच्या सन्मय वेद या तरुणाला अमेरिकेत शिकत असताना चक्क ‘गूगल डॉट कॉम’ विक्रीला दिसलं, आणि त्याने १२ डॉलरला ते घेतलंही. साधारण मिनिटभर ते त्याच्याकडे होतं. विक्री गूगलच्याच दुकानातून झाली होती, म्हणून गूगलला ती रद्द करता आली. त्याला बक्षीस मिळालं ते ६,००६.१३ डॉलरचं, आणि त्याने ते दान करायला सांगितल्यावर गूगलने रक्कम दुप्पट केली. मांद्र्याच्या घराचं दुकान डिचोलीत होतं आणि ते बंद झालं होतं.

२२ मिनिटांनंतर । रात्री ११.५२

लुकअप पानावर नाव पुन्हा आलं. पहिल्या नोंदीची तारीख: १५ ऑक्टोबर २०२५. रजिस्ट्रार वेगळा. पुतण्याने ज्यांच्याकडे नंबर लावला होता ते हे नव्हेत.

९ दिवसांनंतर

त्या पत्त्यावर आता एक ओळ दिसते, हे नाव विकायला आहे, आणि चार आकडी डॉलरमधली किंमत. बेकायदा काही नाही.

आता कुटुंबाला स्वतःचंच नाव विकत घ्यायचं असेल, किंवा वाचकांपैकी कुणाला दुसऱ्याने वापरलेलं एखादं नाव घ्यायचं असेल, तर रीत एकच आहे. आधी वेबॅक मशीनवर त्या नावाची जुनी पानं बघायची. मध्यंतरी तिथे जुगार किंवा फसवणूक चालली असेल तर तो डाग नव्या मालकाकडे येतो. पैसे थेट पाठवायचे नाहीत, एस्क्रोत ठेवायचे. नाव आपल्या खात्यात आल्यावरच ते विकणाऱ्याला मिळतात. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर विकणाऱ्याने कुलूप काढून परवानगीचा कोड द्यायला हवा. नोंदणीपासून पहिले ६० दिवस रजिस्ट्रार ही बदली नाकारू शकतो, म्हणजे या नावाच्या बाबतीत १४ डिसेंबरपर्यंत. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडून तिथल्या तिथे नाव सरकवून घेता येतं, बहुतेक जण तेच करतात. आणि ताबा मिळाल्याच्या दिवशीच मालकाच्या रकान्यात आपलं नाव, आपला चालू मेल आणि दुहेरी पडताळणी. ‘पर्ल डॉट कॉम’ या प्रोग्रॅमरांमध्ये प्रसिद्ध असलेल्या, १९९४ पासूनच्या नावाचं काय झालं ते आठवावं. चोराने सप्टेंबर २०२० मध्ये रजिस्ट्रारला फसवून खात्याचा ताबा घेतला, गवगवा न करता डिसेंबरपर्यंत थांबून ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं, आणि मालकांना कळलं २७ जानेवारी २०२१ ला. तोवर ते १,९०,००० डॉलरला विक्रीला लागलं होतं. जाणत्या लोकांनी धावपळ केली म्हणून ते परत मिळालं.

कुटुंबाने ती किंमत दिली नाही. त्यांनी ‘डॉट इन’मध्ये दुसरं नाव घेतलं, सुनेच्या मेलवर, सुनेच्या कार्डावर, आपोआप नूतनीकरण चालू ठेवून. नवा पत्ता रंगाऱ्याकडून फाटकावर लिहून घेतला. जुन्या पाहुण्यांपैकी ज्यांचे फोन नंबर वहीत होते त्यांना कळवलं. बाकीचे कुठे गेले ते कळणार नाही.

घरचं गेस्ट हाउस, दुकान, शाळा, देवस्थान, दिवाळी अंक, यांपैकी कशाचीही वेबसाइट तुमच्याकडे असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी आयकॅनच्या लुकअप पानावर तिचं नाव टाका आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग ज्याने ते नाव घेऊन दिलं त्याला विचारा की खातं कुणाच्या मेलवर आहे. उत्तर तुमच्या मेलचं नसेल तर ते बदलून घेईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका, माणूस कितीही ओळखीचा आणि चांगला असला तरी.